फोटोग्राफर डोंबिवलीत, चेहरा ठाण्यात : लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलवर फोटोशूट कसं व्हायचं?

शीळफाट्याचं ट्रॅफिक माहीत नाही असा माणूस ठाणे-कल्याण पट्ट्यात सापडणं अवघड. मुंब्रा, कल्याण, महापे आणि पनवेलकडून येणारे रस्ते इथे एकमेकांना भिडतात आणि मग सगळे हॉर्न वाजवत बसतात. पण २०२० च्या जुलैमध्ये चित्र वेगळं होतं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी २ जुलैपासून पुन्हा कडक लॉकडाऊन लावला, पाठोपाठ नवी मुंबईनेही लावला आणि तो वाढत १९ जुलैपर्यंत गेला. शीळफाटा या तिघांच्या वेशीजवळ. लोकल १५ जूनपासून सुरू झाली होती, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी.

म्हणजे डोंबिवलीतल्या फोटोग्राफरला ठाण्यातल्या माणसाचा फोटो काढायचा असेल, तर रस्त्यानेही जाता येत नव्हतं आणि रेल्वेनेही नाही. लग्नं पुढे गेलेली, स्टुडिओला कुलूप. हातात उरला तो व्हिडिओ कॉल.

ही आयडिया काही फक्त आपल्याकडेच सुचली नव्हती. एप्रिल २०२० मध्ये जॅकमस या फ्रेंच ब्रँडने मॉडेल बेला हदीदचे फोटो फेसटाइमवरून काढले. फोटोग्राफर होता पिएर-आंज कार्लोत्ती. मराठीत तर याच्या पुढची गोष्ट झाली. मे २०२० मध्ये सोनी मराठीवर ‘आठशे खिडक्या नऊशे दारं’ ही मालिका आली, जिचं शूटिंग कलाकारांनी आपापल्या घरातून केलं. मेकअपपासून कॅमेरा लावण्यापर्यंतची कामं त्यांच्याच गळ्यात.

तर फोटो निघायचा कसा?

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे कॉल लावायचा, पोज सांगायची आणि स्क्रीनशॉट घ्यायचा. फेसटाइममध्ये तर कॉल चालू असतानाच फोटो घ्यायचं बटण आहे. इन्स्टाग्रामवर टाकायला हे ठीक. पण प्रिंट काढायला गेलात की फसलात, कारण कॉलवरचं चित्र नेटच्या स्पीडप्रमाणे दाबून पाठवलं जातं.

जरा हिशेब करू. व्हिडिओ ७२०पी मिळाला असं धरा. म्हणजे १२८० गुणिले ७२०, साधारण सव्वानऊ लाख पिक्सेल. त्याच फोनचा मागचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा असेल तर तो सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल टिपतो. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने स्क्रीनशॉटची प्रिंट जेमतेम सव्वाचार बाय अडीच इंचांची होते आणि मूळ फोटोची तेरा बाय दहा इंचांची.

म्हणून जरा विचार करणाऱ्यांनी दुसरी पद्धत धरली. कॉल फक्त बघण्या-बोलण्यासाठी, फोटो मात्र समोरच्याच्या फोनवर, मागच्या कॅमेऱ्याने. घरात दोन फोन असतील तर एकावर कॉल आणि दुसऱ्यावर कॅमेरा. नाहीतर दूरवरून समोरच्याच्या फोनचं शटर दाबता येईल अशी अ‍ॅप्स. फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा, कारण साधा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून टाकतं. (एचडीचा पर्याय आला २०२३ मध्ये, तोवर हाच जुगाड.)

आणि स्टँड? पिठाचा डबा, त्यावर पुस्तकं, त्यावर फोन. किंवा धाकटी बहीण, जिचा हात दोन मिनिटांत दुखायला लागतो.

लाइटचं काम मात्र बोलूनच करून घ्यावं लागायचं. “ट्यूबलाइट बंद करा” ही पहिली सूचना. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते आणि फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. मग खिडकीजवळ उभं राहायचं, उजेड चेहऱ्याच्या एका बाजूने घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरायची. जुलैतलं ढगाळ आभाळ यासाठी उत्तम, उजेड आपोआप मऊ होतो. पुन्हा “फोनपासून चार-पाच फूट मागे सरका”, कारण अगदी जवळून काढलं की नाक मोठं दिसतं. मागे ग्रिल असेल, दोरीवर कपडे असतील तर ते हलवा. किंवा राहू द्या. मला विचाराल तर त्या काळातल्या फोटोंमध्ये ते कपडेच जास्त खरे वाटतात.

आता मघाचा पिक्सेलचा हिशेब पुन्हा आठवा. कारण तो फक्त हौसेच्या शूटपुरता नव्हता.

कोविड वॉर्डात नातेवाइकांना जाता येत नव्हतं. अनेकांची शेवटची भेट झाली ती व्हिडिओ कॉलवर, आणि कुणीतरी त्यात एक स्क्रीनशॉट घेतलेला. माणूस गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो हवा. स्टुडिओ बंद, अल्बममधला फोटो वीस वर्षांपूर्वीचा. मग डीपी किंवा तोच स्क्रीनशॉट पुढे केला जायचा. सव्वाचार इंचांचा ऐवज बारा बाय पंधराच्या फ्रेममध्ये ताणायचा. चेहरा गुळगुळीत होतो, डोळ्यांच्या कडा फुटतात, मागे निळा पडदा टाकला जातो. घरच्यांना ते दिसतं, पण दुसरा फोटोच नसतो.

घरात आई-बाबा, आजी-आजोबा असतील तर त्यांचा एक नीट फोटो मागच्या कॅमेऱ्याने काढून मूळ फाइल जपून ठेवा. गावी असतील तर वरची पद्धत आजही चालते, फक्त फोन धरायला तिथे कुणीतरी हवं.

राहिला एक भन्नाट प्रश्न. बटण दाबलं ठाण्यातल्या बहिणीने, फ्रेम सांगितली डोंबिवलीतल्या फोटोग्राफरने. मग फोटो कुणाचा?

१९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो की फोटो काढणारी व्यक्ती ही त्याची कर्ती. मात्र कुणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क टिकतो. व्हिडिओ कॉलवर ‘काढणारी व्यक्ती’ म्हणजे बोट ठेवणारी की सांगणारी, हे कायद्यात वेगळं लिहिलेलं नाही. त्यामुळे असं शूट करणार असाल तर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी लिहून घ्या : फोटो कोण वापरणार, कुठे वापरणार आणि नाव कुणाचं लागणार. आणि हो, कॉलवर गुपचूप स्क्रीनशॉट घेऊ नका. समोरच्याला विचारा, तो निदान केस तरी नीट करेल.