नाकाची दुसरी शस्त्रक्रिया

टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या मराठा गाडीवानाचे नाक पुण्यातील एका कारागिराने त्याच्याच कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवले. ते वृत्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने सचित्र छापले.

आज विवाहापूर्वी नाक उंच दिसावे म्हणून सिलिकॉनची पट्टी बसवून घेतली जाते. शरीर मात्र तिला परकीच मानते. ती सरकते, तिच्याभोवती संसर्ग होतो, कधी त्वचा विरून ती बाहेर डोकावते. मग ती काढावीच लागते. विलंब झाल्यास त्वचा आकसून नाक आखूड होते. संसर्ग शमल्यावर, बहुधा काही महिन्यांनी, कानाची किंवा बरगडीची कूर्चा घेऊन नाक पुन्हा उभारतात. भांडवल पुन्हा स्वतःचेच!

सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्यविम्यात सहसा बसत नाही. पुढील दुरुस्तीचा दावाही त्यामुळे वादात सापडू शकतो. दुकानाचा करार चार वेळा वाचणारी घरे विम्याची अपवाद-यादी क्वचितच उघडतात.

बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नाकावर लाली, सूज वा पू दिसताच तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे; लोकलज्जेपोटी घरी मलम चोळत बसू नये.