मालाची वाहतूक व कास्तकाराचे हित

पीक खळ्यात आले म्हणजे शेतीचे काम संपले, अशी आपल्यातील पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः माल गिऱ्हाइकाच्या काट्यावर सुखरूप उतरून त्याचे पैसे पदरात पडेपर्यंत जोखीम संपत नाही. बियाण्याची पिशवी घेताना दहा प्रश्न विचारणारा कास्तकार शंभर क्विंटल सोयाबीन मात्र तोंडी बोलीवर अनोळखी मालमोटारीत भरून देतो. व्यापारी पेढी असे कधीही करीत नाही. वाहतुकीच्या बाबतीत पेढीची रीत काय असते व ती आपणांस कशी उचलता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यास नवा नाही. आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांवर व गाड्यांतून दूरच्या पेठांस जाई. धुळीने व पावसाने तो वाटेतच खराब होई. 1867 मध्ये जी. आय. पी. रेल्वे नागपुरास पोचली आणि 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला. त्याची लांबी सुमारे आठ मैल, म्हणजे तेरा किलोमीटर. कापसाच्या पेठेसाठी एवढ्याशा अंतरावरही स्वतंत्र रूळ टाकावे लागले, यावरून माल पिकविण्याइतकेच तो पोचविण्यास किती महत्त्व आहे हे दिसून येते.

आजही घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशने हमरस्त्याच्या लोहमार्गावर आहेत. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा येथे मात्र रूळ पोचलेला नाही. जालना–खामगाव लोहमार्गाची मागणी फार जुनी आहे. समृद्धी महामार्ग मेहकर व सिंदखेडराजा या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर 2022 मध्ये व उरलेला मार्ग जून 2025 पर्यंत खुला झाला. तात्पर्य, रस्ता सुधारला आहे, आणि सामान्य कास्तकाराचा वाहतूकदार मालमोटारवाला हाच आहे. त्याच्याशी व्यवहार कसा करावा हे शिकलेच पाहिजे.

पहिली गोष्ट हिशेबाची. दूरच्या पेठेचा भाव ऐकून हुरळून जाऊ नये. त्या भावातून भाडे, दोन्हीकडची हमाली, तोलाई व वाटेतील तूट वजा करून जे उरेल, त्याचीच तुलना जवळच्या बाजाराशी करावी. भाडे क्विंटलमागे की गाडीमागे, भराई-उतराई कोणाकडे, गाडी खोळंबल्यास थांब्याचे जादा भाडे, ज्यास वाहतूकदार हॉल्टिंग म्हणतात, ते कोणी द्यावयाचे, हे सर्व माल भरण्यापूर्वीच लिहून घ्यावे. माल उतरविण्यास आलेली गाडी रिकामी परतणार असेल तर ती कमी भाड्यात मिळते. याची चौकशी पेढीवाला नेहमी करतो, आपण क्वचितच करतो.

दुसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट बिल्टीची. 1865 च्या जुन्या कायद्याच्या जागी आता 2007 चा रस्त्याने मालवाहतुकीसंबंधीचा कायदा आहे. त्यानुसार सार्वजनिक मालवाहतूकदाराने नोंदणी केलेली असली पाहिजे व मालाची पावती दिली पाहिजे. माल हरवला किंवा बिघडला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे फिर्यादीवर नसते. परंतु माल नोंदविल्यापासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली नाही, तर दावा चालत नाही.

याहून नाजूक एक मुद्दा आहे. जादा जोखमीचा दर भरण्याचे ठरविले नसेल, तर भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट एवढीच असते. समजा, चार लाख रुपयांचे सोयाबीन आठ हजार रुपये भाड्याने पाठविले व सर्व गेले. तर वाहतूकदाराकडून फार तर ऐंशी हजार मिळतील, बाकीचे तीन लाख वीस हजार बुडाले! म्हणून मौल्यवान माल पाठविताना त्याची खरी किंमत कागदावर लिहावी, आणि जादा दर भरावा किंवा मार्गविमा उतरवावा. ज्याच्याकडे नोंदणी नाही व जो पावतीही देत नाही, त्याचे भाडे कितीही स्वस्त असले तरी ते महागच समजावे.

तिसरी गोष्ट वजनाची. रिकामी गाडी व भरलेली गाडी, दोन्ही आपल्यासमक्ष काट्यावर चढवावी आणि काट्याची चिठ्ठी बिल्टीस जोडावी. ओला माल वाळून वजनात घटतो व मग तंटा उभा राहतो. म्हणून सोयाबीन नीट वाळवून, ओलाव्याचे प्रमाण नोंदवूनच भरावे. पावसाळी दिवसांत ताडपत्री स्वतः तपासावी. मर्यादेपेक्षा जास्त भरण्याचा मोह टाळावा. 2018 पासून दोन आसांच्या मालमोटारीस गाडीसह साडेअठरा टनांची मर्यादा आहे. ती ओलांडल्यास 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे वीस हजार रुपये व वरच्या प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च पडतो तो निराळाच.

हे सर्व एकट्यास जड वाटेल, आणि ते खरेही आहे. अर्धी गाडी भरणाऱ्यास पूर्ण गाडीचे भाडे पडते व वाहतूकदारही त्याचे ऐकत नाही. परंतु एका गावच्या आठ-दहा कास्तकारांनी माल एकत्र करून, हंगामाच्या आरंभीच दोन-तीन विश्वासू वाहतूकदारांकडून लेखी दर मागविले, तर कापसाच्या ऐन गर्दीतही गाडी वेळेवर मिळते. भाडेही ठरल्याप्रमाणे वेळेवर चुकते करावे. वाहतूकदार हा आपला शत्रू नव्हे, पैशाची खात्री असेल तेथे तो आधी गाडी पाठवितो. सोसायटीच्या दप्तरात कोणत्या गाडीने किती तूट आली व किती दिवस लागले याची एक वही ठेवावी. दोन हंगामांत ती वहीच सांगेल की कोणाच्या हाती माल द्यावा आणि कोणाच्या देऊ नये.