नऊ, आठ, सात, सहा

लखनऊ सुपर जायंट्सच्या पहिल्या चार हंगामांतले साखळीतले विजय ओळीने मांडले की ते असे येतात: २०२२ मध्ये नऊ, २०२३ मध्ये आठ, २०२४ मध्ये सात, २०२५ मध्ये सहा. कुणी मुद्दाम रचावी अशी ही उतरंड. पहिली दोन वर्षं प्रशिक्षक अँडी फ्लॉवर आणि मार्गदर्शक गौतम गंभीर. संघ दोन्ही वेळा तिसरा. पुढची दोन वर्षं प्रशिक्षक जस्टिन लँगर. संघ दोन्ही वेळा सातवा. २०२५ साठी आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान मार्गदर्शक म्हणून आला आणि एका हंगामानंतर बाजूला झाला. प्रशिक्षक बदलला आणि संघ घसरला, असंच हे आकडे पाहून कुणीही म्हणेल. लखनऊ छावनीच्या सदर बाजारात म्हणेल, तसंच श्रीरामपुरातही म्हणेल.

आता एक रुपयाचं नाणं घ्या आणि १४ वेळा उडवा. छापा पडला की जिंकलो, काटा पडला की हरलो. आयपीएलमध्ये साखळीत एका संघाला १४ च सामने मिळतात, म्हणून १४. या १४ फेकींचे निकाल एकूण १६,३८४ प्रकारांनी लागू शकतात. त्यांतल्या ११,४४० प्रकारांत छाप्यांची संख्या सहा ते नऊच्या दरम्यान येते. म्हणजे शंभरातल्या सत्तर वेळा नाण्याचा ‘हंगाम’ लखनऊच्या चार हंगामांच्याच पट्ट्यात पडतो. नऊ, आठ, सात, सहा ही सगळी उतरंड नाण्याच्या रोजच्या चालीत मावते, आणि नाण्याला तर कुणी प्रशिक्षक नाही!

याहून मोठं नवल पुढे आहे. १४ फेकींत पाच किंवा त्याहून कमी छापे पडण्याचे प्रकार ३,४७३ आहेत, म्हणजे सुमारे २१ टक्के. आयपीएलमधले दहाही संघ ताकदीने अगदी तंतोतंत सारखे आहेत असं क्षणभर धरलं, तरी दर वर्षी सरासरी दोन संघ पाच किंवा कमी विजयांवर अडकतील. चूक कुणाचीच नसेल, फक्त नाणं काट्यावर पडलं असेल. पण त्या दोन संघांच्या पत्रकार परिषदांत प्रश्न एकच असेल: प्रशिक्षकाचं काय करणार?

संघ सारखे नसतात हे खरं. पण ते सारखे व्हावेत म्हणून आयपीएल किती खटपट करते ते पाहा. २०२५ च्या हंगामाआधीच्या महालिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत १२० कोटी, ना कमी ना जास्त. त्यातले २७ कोटी लखनऊने एकट्या ऋषभ पंतवर लावले, पण मग उरलेल्या संघासाठी तेवढे पैसे कमी पडले. ज्याच्याकडे जास्त पैसा त्याचा संघ भारी, ही वाटच बंद. याचा परिणाम २०२५ च्या गुणतालिकेत दिसतो. पंजाब, बेंगळुरू आणि गुजरातचे प्रत्येकी नऊ विजय, मुंबईचे आठ, दिल्लीचे सात, हैदराबाद आणि लखनऊचे सहा, कोलकात्याचे पाच, राजस्थान आणि चेन्नईचे चार. साखळीत एकाही संघाला दहावा विजय मिळाला नाही. हे आकडे सरासरीपासून किती पसरलेत हे मोजण्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन. ते इथे १.९ येतं. निव्वळ नाणेफेकीने १४ सामन्यांत येणारं प्रमाण विचलन १.८७ आहे. मी हे गणित पुन्हा करून पाहिलं, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. एका हंगामावरून सगळे संघ समान होते असं सिद्ध होत नाही. पण पंचतारांकित सराव, डझनभर विश्लेषक, कोट्यवधींची बोली, आणि शेवटी गुणतालिका नाण्याइतकीच पसरलेली! संघ जितके एकमेकांच्या जवळ आणाल तितका निकाल नशिबाच्या हाती जातो.

नशीब म्हणजे इथे नेमकं काय, ते त्याच हंगामात जवळून दिसलं. २४ मार्च २०२५, विशाखापट्टणम. लखनऊच्या २०९ धावांचा पाठलाग करताना दिल्लीची अवस्था २०व्या षटकाच्या सुरुवातीला अशी होती: एक गडी शिल्लक, सहा धावा हव्यात. शाहबाज अहमदचा पहिला चेंडू मोहित शर्मा पुढे सरसावून चुकला. चेंडू यष्टिरक्षक पंतच्या हातात आला असता तर सामना तिथेच संपला असता, पण यष्टिचीतची ती संधी हुकली. पुढच्या चेंडूवर एक धाव, त्याच्या पुढच्या चेंडूवर आशुतोष शर्माचा षटकार, आणि दिल्ली एक गडी राखून जिंकली. पावणेचार आठवड्यांनी जयपूरमध्ये फासे उलटे पडले. राजस्थानला शेवटच्या षटकात नऊ धावा हव्या होत्या, आवेश खानने सहाच दिल्या आणि लखनऊ दोन धावांनी जिंकलं. एक निसटलेला चेंडू आणि एक जमून आलेलं षटक. यांत थोडा फेरफार झाला असता तर सहाचे सात झाले असते, नाहीतर पाच. लँगर आणि झहीर दोन्ही वेळा सीमारेषेबाहेर बसून होते.

संघ सारखे केले की निकाल नशिबाच्या हाती जातो, हा पेच जगात सगळ्यात ठळक दिसतो तो अमेरिकन फुटबॉलमध्ये. तिथल्या एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत आणि संघांच्या पगारावर मर्यादा आहे. नव्या खेळाडूंची निवड करताना मागच्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला पहिली संधी मिळते. सगळ्यांना समान करण्याचाच हा कारखाना. तिथला हंगाम १९६१ पासून १४ सामन्यांचा होता, आपल्या आयपीएलइतकाच. १९७८ मध्ये तो १६ चा झाला, २०२१ मध्ये १७ चा, आणि आता १८ ची चर्चा चालू आहे. आयुक्त रॉजर गुडेल यांना १८ सामने हवेत. खेळाडूंची संघटना आधी शरीराचं काय ते सांगा म्हणते. साखळीचा शेवटचा रविवार उलटला की सोमवारी प्रशिक्षकांना नारळ मिळायला सुरुवात होते. त्या दिवसाला तिथे ‘ब्लॅक मंडे’च म्हणतात. अर्थात तिथे सगळं नाण्यावर नाही. १९७२ मध्ये डॉन शुलाच्या मायामी डॉल्फिन्सने साखळीतले १४ च्या १४ सामने जिंकले. नाण्याने हे करायचं तर १६,३८४ हंगामांत एकदा जमेल.

मग सामने वाढवले तर न्याय होईल का? मला वाटत होतं की १४ चे १८ झाले तर बराच फरक पडेल. पण गणित फार कंजूष निघालं. नाणेफेकीतला चढउतार एकूण सामन्यांच्या तुलनेत १४ सामन्यांना १३.४ टक्के असतो, १७ ला १२.१, आणि १८ ला ११.८. चार सामने वाढवून दीड टक्क्याच्या आसपास सुधारणा! नशिबाचा वाटा निम्मा करायचा तर सामने दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. म्हणजे १४ चे ५६. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये एक संघ १६२ सामने खेळतो. तिथे हा वाटा चार टक्क्यांच्या खाली येतो आणि चांगला संघ खरोखर वर तरंगतो. फुटबॉलच्या धडकाधडकीत ५६ सामने कुणाचं शरीर सोसणार? त्यामुळे १७ की १८ हा वाद खेळाच्या न्यायाचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तो प्रक्षेपणाच्या पैशाचा आणि खेळाडूंच्या गुडघ्यांचा वाद आहे.

आपल्याकडेही नेमका १८ चाच आकडा दबा धरून बसला आहे. २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. त्या निविदेत पहिली दोन वर्षं ७४ सामने, पुढची दोन वर्षं ८४ आणि २०२७ मध्ये ९४ सामन्यांची तरतूद होती. २०२५ आलं तेव्हा सामने ७४ च राहिले. हा ९४ आकडा कुठून आला? दहा संघांनी प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळायचं तर ९० सामने होतात, वर बाद फेरीचे चार. म्हणजे प्रत्येक संघाला १८. आत्ताच्या १४ मध्ये प्रत्येक संघ पाच प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा आणि चौघांशी एकदाच खेळतो. कुणाशी दोनदा गाठ पडते यावरही थोडं नशीब ठरतं. निदान ती विषमता १८ सामन्यांत जाईल, हे मान्य करायला हवं.

आता प्रशिक्षकाकडे वळू. लखनऊ छावनीत भारतीय सेनेच्या मध्य कमांडचं मुख्यालय आहे. छावनीत राहणाऱ्या माणसाला वरचा साहेब बदलणं नवं नाही. पलटणीचा प्रमुख बदलतो तो ठरलेला कालावधी भरला म्हणून. मागचं वर्ष बरं गेलं की वाईट, यावर ते अवलंबून नसतं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही वर्षांनंतर माणूस बदलला, तरच बदलाचा खरा परिणाम मोजता येतो. खेळात तसं होत नाही. प्रशिक्षक बदलतो तो बहुधा संघ तळाशी गेल्यावरच. आणि तळाशी गेलेली गोष्ट पुढच्या वेळी आपोआप सरासरीकडे सरकते. नाण्याला एकदा चारच छापे पडले तर पुढच्या १४ फेकींत सरासरी सातच पडणार. मधल्या काळात कुणाची नेमणूक झाली असेल तर श्रेय त्याचं.

नेदरलंड्समधले अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातल्या डच फुटबॉलचा याच प्रश्नावर अभ्यास केला. ज्या संघांनी हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक काढला ते सावरले हे खरं, पण तितक्याच वाईट अवस्थेत प्रशिक्षक न बदललेले संघही तसेच सावरले होते.

तर मग प्रशिक्षक बिनकामाचा का? इथे मला मुंबईच्या चंद्रकांत पंडितांची गोष्ट सांगायलाच हवी. ते कोलकात्याचे प्रशिक्षक असताना २०२४ मध्ये संघ गुणतालिकेत पहिला आला आणि विजेता ठरला. २०२५ मध्ये पाच विजय, आठवा क्रमांक, आणि जुलैत पंडित पायउतार. हाच माणूस रणजीत काय करून बसलाय? मुंबईला तीन विजेतेपदं, मग विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये लागोपाठ दोन, मग २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशला एक. विदर्भाने त्याआधी रणजी कधीच जिंकली नव्हती, मध्य प्रदेशनेही नाही. १९९८-९९ चा अंतिम सामना बेंगळुरूत मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून पंडित हरले होते. तेवीस वर्षांनी त्याच चिन्नास्वामी मैदानावर त्यांच्या मुलांनी मुंबईला हरवलं. समोर मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार होते.

एकाच माणसाचे हे दोन हिशोब इतके वेगळे का, याचं उत्तर चेंडूंच्या संख्येत आहे. टी-ट्वेंटी सामना जास्तीत जास्त २४० चेंडूंचा. रणजीचा चार दिवसांचा सामना, दिवसाला ९० षटकं धरली तर २,१६० चेंडूंचा. नऊपट! एक सुटलेला झेल २४० चेंडूंत सामना घेऊन जातो, २,१६० चेंडूंत त्याची भरपाई करायला वेळ मिळतो. शिवाय रणजीत लिलाव नाही, आहे तीच पोरं घडवायची असतात. शिस्त, तंदुरुस्ती, फलंदाजाचा संयम यांना स्वतःला सिद्ध करायला जागा मिळते. हंगामातले सामने न वाढवताही मोजमाप लांबवता येतं, ते असं.

पण लांब मोजमापाची किंमत अंगावर घ्यावी लागते, आणि अंग तर थोड्या सामन्यांतही साथ सोडतं. ३० मार्च २०२४ ला छावनीच्या पलीकडे, शहीद पथालगतच्या इकाना स्टेडियमवर लखनऊचा वेगवान गोलंदाज मयंक यादव याने पहिल्याच आयपीएल सामन्यात ताशी १५५.८ किलोमीटर वेगाचा चेंडू टाकला आणि पंजाबचे तीन गडी बाद केले. पुढच्या सामन्यात बेंगळुरूत १५६.७. त्या हंगामात त्याच्या वाट्याला एकूण चार सामने आले, कारण बरगडीजवळचे स्नायू दुखावले. २०२५ मध्ये तो दोनच सामने खेळू शकला, तेव्हा पाठ. चेंडू सोडताना पुढचा पाय रोवला जातो त्या क्षणी वेगवान गोलंदाजाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि हाडाला तो पचवायला मध्ये दिवस लागतात. प्रशिक्षकाने ठरवून हाड लवकर भरत नाही.

मार्च २०२४ मध्ये मुंबईच्या शार्दूल ठाकूरने हेच बोलून दाखवलं. रणजी उपांत्य सामन्यात शतक ठोकून आल्यावर तो म्हणाला की सामन्यांमध्ये तीन-तीन दिवसांचीच विश्रांती राहिली तर पोरं जायबंदी होत राहतील. त्याची मागणी सामने कमी करा अशी नव्हती, मधले दिवस वाढवा अशी होती. २०२४-२५ ची रणजी दोन टप्प्यांत झाली: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाच फेऱ्या, मग पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा, आणि उरलेल्या दोन फेऱ्या व बाद फेरी जानेवारीच्या अखेरीपासून. प्रत्येक संघाला साखळीतले सामने पूर्वीसारखेच सात. विदर्भाने तो सगळा हंगाम एकही सामना न हरता पार केला आणि नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक जिंकला. पंडित तिथून केव्हाच निघून गेले होते. प्रशिक्षक होते उस्मान घनी.