हळद, सांधे आणि पिवळा रंग

गुडघे धरले कीं रात्रीं हळदीचें दूध प्यावें, मुका मार लागला कीं लेप द्यावा, हा उपचार आपल्याकडे घरोघरीं चालत आला आहे. (लेपाची आंबेहळद ही मात्र निराळी वनस्पति होय.) त्यांत तथ्य किती, हें हळद पिकविणाऱ्यानें जाणून घेणें अगत्याचें आहे.

हळदीचा गुण मुख्यतः कुर्क्युमिन या पिवळ्या द्रव्यांत असतो. थायलंडांत गुडघ्यांच्या संधिवाताच्या ३६७ रोग्यांवर चार आठवडे केलेला प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. हळदीच्या अर्कानें वेदना आयबुप्रोफेनइतक्याच कमी झाल्या व पोटाची तक्रार कमी आढळली. परंतु अर्काची मात्रा रोज दीड ग्रॅम होती. शेंकडा ३ टक्के कुर्क्युमिन असलेल्या पुडींतून तितकें मिळविण्यास सुमारें ५० ग्रॅम पूड लागेल. चमचाभर पुडीनें हा हिशेब जुळत नाहीं. तीव्र अर्काच्या गोळ्यांनीं कित्येकांच्या यकृतास अपाय झालेला आहे. रक्त पातळ करण्याचें औषध चालू असल्यास डॉक्टरांस विचारल्यावांचून त्या घेऊं नयेत.

हाडांच्या दृष्टीनें याहून मोठी गोष्ट रंगाची आहे. भाईंदरच्या जेसल पार्कमधील गिऱ्हाइकास सांगलीचें किंवा वसमतचें शेत दिसत नाहीं; तें रंग पाहूनच माल पारखतें. बांगलादेशांत १९८० नंतरच्या दशकांत पुरामुळें हळद नीट वाळेना व फिकी पडूं लागली, तेव्हां हळकुंडांस शिशाचें क्रोमेट चोळण्याची चाल पडली. पोटांत गेलेलें शिसें कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत बसतें, वर्षानुवर्षें तेथेंच राहतें आणि गर्भारपणांत रक्तांत उतरतें. सांध्यांसाठीं घेतलेल्या हळदींतून हाडांत विष सांठावें, हा केवढा अनर्थ! तेथें २०१९ सालीं बाजारांतील ४७ टक्के नमुन्यांत शिसें सांपडलें. कडक तपासणी व दंड सुरू झाल्यावर २०२१ सालीं एकाही नमुन्यांत सांपडलें नाहीं.

आपल्याकडे उपाय शेतकऱ्याच्या हातचा आहे. हळद जास्त शिजल्यास रंग बिघडतो, कमी शिजल्यास हळकुंड ठिसूळ होतें. म्हणून काडी सहज आरपार जाऊं लागतांच ती उतरावी व कडक उन्हांत पुरती वाळवावी. ढोलांत घासतांना रंग देणेंच असेल तर हळदीचीच पूड पाण्यांत कालवून द्यावी. पावसांत सांपडलेला माल निराळा काढून उतरत्या भावानें विकावा.