अस्तित्ववाद हा मानवतावाद आहे

'अस्तित्ववाद हा मानवतावाद आहे' हे फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र (१९०५–१९८०) यांनी २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिस येथे दिलेले व्याख्यान होय. १९४६ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. अस्तित्ववादावर घेतल्या जाणाऱ्या प्रमुख आक्षेपांना सामान्य श्रोत्यांसमोर उत्तर देणे, हा या व्याख्यानाचा हेतू होता.

पार्श्वभूमी

सार्त्र यांचा 'अस्तित्व आणि शून्यता' हा प्रमुख ग्रंथ १९४३ मध्ये, फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात असताना प्रसिद्ध झाला. युद्धानंतर अस्तित्ववाद हा शब्द फ्रान्समध्ये सर्वतोमुखी झाला आणि त्यावर दोन परस्परविरोधी बाजूंनी टीका होऊ लागली. साम्यवाद्यांच्या मते हे तत्त्वज्ञान निराशा व निष्क्रियता शिकविणारे आणि बुर्झ्वा स्वरूपाचे होते. कॅथलिक टीकाकारांच्या मते ते मानवी जीवनाची केवळ हीन बाजू दाखविणारे होते. शिवाय ईश्वरी आज्ञा नाकारल्यामुळे त्यात वाटेल तसे वागण्याची मुभा मिळत होती.

मुख्य प्रतिपादन

कागद कापण्याची सुरी तयार करणाऱ्या कारागिराच्या मनात तिचा उपयोग व स्वरूप आधीच निश्चित असते. ईश्वर नसेल, तर मनुष्याचे स्वरूप असे कोणीही आधी ठरविलेले नसते, असे सार्त्र म्हणतात. मनुष्य प्रथम अस्तित्वात येतो आणि नंतर आपल्या कृतींनी स्वतःला घडवितो. म्हणजेच त्याचे अस्तित्व त्याच्या सारतत्त्वाच्या आधीचे असते.

आक्षेपांना दिलेली उत्तरे

निष्क्रियतेचा आक्षेप: मनुष्य म्हणजे त्याच्या कृतींची बेरीज असेल, तर न केलेल्या कृतींच्या आधारे त्याचे मूल्य ठरत नाही. त्यामुळे हा सिद्धान्त कृतीपासून परावृत्त करीत नाही, उलट कृतीखेरीज दुसरा आधारच ठेवत नाही. निराशा या संज्ञेचा सार्त्र यांना अभिप्रेत अर्थ मर्यादित आहे: जे आपल्या इच्छेवर किंवा आपल्या कृतीला शक्य करणाऱ्या संभाव्यतांवर अवलंबून आहे, तेवढ्यावरच विसंबणे.

निराशावादाचा आक्षेप: भित्रा मनुष्य जन्मतः किंवा परिस्थितीमुळे भित्रा असतो, असे मानणे अनेकांना सोयीचे वाटते, कारण त्यात कोणाचाच दोष राहत नाही. सार्त्र यांच्या मते तो स्वतःच्या वर्तनाने भित्रा झालेला असतो, म्हणून तो बदलूही शकतो. लोकांना खरा त्रास होतो तो या आशावादाच्या कठोरपणाचा.

स्वैरतेचा आक्षेप: येथे सार्त्र आपल्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण देतात. १९४० च्या जर्मन आक्रमणात त्याचा भाऊ मारला गेला होता आणि आई सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून होती. इंग्लंडला जाऊन मुक्त फ्रेंच सैन्यात सामील व्हावे की आईजवळ राहावे, हा त्याचा पेच होता. ख्रिस्ती शिकवण किंवा कांट यांचे नीतिशास्त्र यांपैकी कशातूनही निश्चित उत्तर मिळत नव्हते. निवड त्यालाच करावी लागणार होती. मात्र अशी निवड लहरीवर सोडलेली नसते. स्वतःसाठी निवड करताना मनुष्य सर्वांसाठी मनुष्याची एक प्रतिमा निवडत असतो, आणि या जबाबदारीच्या जाणिवेलाच सार्त्र व्यथा म्हणतात. आपण निवड केलीच नाही, परिस्थितीने भाग पाडले, असे म्हणणे ही आत्मवंचना ठरते.

प्रतिसाद व मूल्यमापन

पुस्तकात छापलेल्या चर्चेत मार्क्सवादी लेखक प्येर नाव्हिल यांनी व्यक्तीच्या निवडीवरील सामाजिक बंधनांचा मुद्दा मांडला. सार्त्र यांनी पुढे 'द्वंद्वात्मक विवेकाची चिकित्सा' (१९६०) या ग्रंथात सामाजिक व आर्थिक परिस्थितीला अधिक महत्त्व दिले. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी 'मानवतावादाविषयी पत्र' (१९४७) मध्ये असे दाखविले, की अस्तित्व व सारतत्त्व यांचा क्रम उलटा केला तरी विचार सत्तामीमांसेच्या जुन्या चौकटीतच राहतो.

सर्वांत कठीण प्रश्न नीतीचा आहे. आपले स्वातंत्र्य हवे असेल तर इतरांचेही हवे असले पाहिजे, असे सार्त्र सांगतात. परंतु हा दुवा व्याख्यानात थोडक्यातच येतो आणि तो कांट यांच्या भूमिकेच्या जवळ जातो. सिमोन द बोव्हार यांनी 'संदिग्धतेचे नीतिशास्त्र' (१९४७) या ग्रंथात तो विस्ताराने मांडला. सार्त्र यांची याविषयीची अपूर्ण टिपणे त्यांच्या निधनानंतर १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे निष्क्रियता व निराशावाद या आक्षेपांना व्याख्यानात थेट उत्तर मिळत असले, तरी इतरांच्या स्वातंत्र्याचे बंधन कोठून येते, या प्रश्नाची त्यात केवळ सुरुवात झालेली दिसते.