फिर्याद नसलेल्या गुन्ह्याची मोजणी

मे 2005 मध्ये, ऐन अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या हातांवर तलवारीचे वार झाले. जिथे समजावणाऱ्याची ही गत, तिथे ठाण्यात फिर्याद द्यायला कोण जाणार? लग्न साऱ्या गावासमोर लागतं, पंगती उठतात. पोलिसांच्या नोंदीत मात्र ते नसतं.

बालविवाहाला आळा घालणारा 1929 चा सारडा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. पवारांची धार आणि देवास ही संस्थानं त्याबाहेर राहिली. शेजारी होळकरांच्या इंदूरने 1918 मध्येच स्वतःचा कायदा केला होता. कायदे आले, तरी गुन्हा किती घडतो हे कळायची पुरेशी सोय नव्हती.

ती पुढे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून झाली. इथे ‘गुन्हा’ हा शब्दच निघत नाही. सर्वेक्षणासाठी दारात आलेली बाई विचारते, लग्न झालं तेव्हा वय काय होतं? म्हणून उत्तर मिळतं. 2005-06 मध्ये मध्य प्रदेशातील 20 ते 24 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी अठराच्या आत लग्न झाल्याचं सांगितलं. 2015-16 मध्ये हे प्रमाण सुमारे 32 टक्के झालं, 2019-21 मध्ये 23. देशातलं प्रमाणही तेव्हा तेवढंच होतं. पण 2021 मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली देशभर नोंदले गेलेले गुन्हे होते जेमतेम 1,050.

2015-16 पासून हे सर्वेक्षण जिल्हावार आकडेही देऊ लागलं. मात्र ते जपून वाचावे लागतात. बाई मोजली जाते सासरी. धारमध्ये लागलेलं लग्न देवासच्या खात्यावर पडू शकतं. उत्तर आजचं, घटना पाच-सात वर्षांपूर्वीची. जन्मदाखला नसेल तर वय अंदाजाने सांगितलं जातं. शिवाय ‘लग्न’ कोणतं धरायचं, फेऱ्यांचं की गौन्यानंतर, म्हणजे पाठवणीनंतर, नांदायला गेल्याचं?

सर्वांत नाजूक अडचण यापुढची आहे. कायदा जसजसा माहीत होतो, तसतसं ‘अठरा’ हे सुरक्षित उत्तर ठरत जातं. मध्य प्रदेशात 2007 पासूनच्या लाडली लक्ष्मी योजनेचे पैसे अठराच्या आत लग्न झालं तर मिळत नाहीत. त्या योजनेतल्या पहिल्या मुली आता विशीत येत आहेत. त्यांची लग्नं खरोखर उशिरा झाली असतील. पण खरं वय सांगण्यात नुकसान आहे, हेही त्यांना ठाऊक असेल.

म्हणून 32 असो की 23, आकडा खाली आला एवढ्यावर थांबू नये. शाळेचा दाखला, पहिल्या बाळंतपणाची रुग्णालयातली नोंद आणि बाईचं उत्तर शेजारी ठेवून पाहावं. तिन्ही जुळली, तरच घट खरी मानावी.