काटा हिरव्यात आहे, पण गॅस किती आहे?

मार्च उजाडला की शहापूर-मुरबाडकडे गाडीच्या एसीची तक्रार सुरू होते. पारा चाळिशीकडे सरकतो, आणि कोणाला विचारलं तरी उत्तर एकच: "गॅस कमी झालाय, भरून घ्या." आता तर आर-१३४ए गॅसचा कॅन, पाईप आणि छोटा गेज ऑनलाइन मिळतो. काटा हिरव्या पट्ट्यात येईपर्यंत गॅस सोडायचा, झालं काम. हे घरी करता येईल का, असा साधा प्रश्न आहे. पण तुम्ही पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागला असाल, तर त्यात तुमच्या कामाचं बरंच काही आहे.

घरातला स्वयंपाकाचा सिलेंडर आठवा. तो भरलेला असो की पाव उरलेला, आतला दाब जवळपास तेवढाच असतो. म्हणून तर गॅस किती आहे ते बघायला आपण सिलेंडर उचलून बघतो, आणि घेताना वजन करून घेतो. कारण आत द्रव आणि वाफ दोन्ही एकत्र आहेत. जोवर थोडा जरी द्रव शिल्लक आहे, तोवर दाब ठरवतं ते तापमान, प्रमाण नव्हे. क्लॉसियस-क्लॅपेरॉनचं समीकरण तुम्ही बीएस्सीला पाठ केलंय, ते हेच सांगतं.

गाडीचा एसी बंद असताना आत नेमकी हीच स्थिती असते. आर-१३४ए चा दाब २० अंशांना गेजवर साधारण ६८ पीएसआय दिसेल, ३० अंशांना ९७, ४० अंशांना १३३. म्हणजे तीच गाडी, तेवढाच गॅस, जानेवारीच्या पहाटे एक आकडा आणि एप्रिलच्या दुपारी त्याच्या जवळपास दुप्पट.

आता थोडं गणित करू. छोट्या कारमध्ये ४०० ग्रॅम गॅस आणि पाईप-कंडेन्सर धरून आतली जागा अडीच लिटर आहे असं समजा. ३० अंशांना या गॅसच्या संपृक्त वाफेची घनता लिटरमागे साधारण ३७.५ ग्रॅम असते. म्हणजे सगळी जागा नुसत्या वाफेने भरायला ९४ ग्रॅम पुरतात. याचा अर्थ बघा: ४०० पैकी ३०० ग्रॅम गळून गेला तरी बंद एसीचा गेज ९७ च दाखवणार! काटा खोटं बोलत नाही. तो तापमान सांगतोय, आपण प्रमाण वाचतोय.

"पण आम्ही एसी चालू ठेवून लो-साइडला बघतो" असं मेकॅनिक म्हणेल. तेव्हा दाब प्रमाणावर अवलंबून असतो, खरंच. पण इंजिनाचा वेग, बाहेरचं ऊन, हवेतला दमटपणा, ब्लोअर किती नंबरवर, कंडेन्सरवर बसलेली धूळ या सगळ्यांवरही असतो. एका आकड्यात पाच-सहा कारणं मिसळलेली. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'अमुक मोजून तमुक ठरवणार' असं वाक्य असेल, तर तिथे हाच प्रश्न स्वतःला विचारा. गाईड नाही विचारला तरी व्हायवाला कोणीतरी विचारतंच.

मग काट्यावर कॅन ठेवून ग्रॅम मोजून भरलं तर? त्यातही गोची आहे. किती घातला ते कळेल, आधी किती होता ते नाही. म्हणून रीतसर पद्धत अशी की आतला सगळा गॅस यंत्राने काढून घ्यायचा, व्हॅक्यूम करायचा आणि बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम तोलून भरायचे. व्हॅक्यूम कशाला? आत शिरलेली हवा द्रव होत नाही, ती नुसता दाब वाढवते. आणि ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठतो. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब ४२ मिलिबार. दाब त्याच्या बराच खाली नेला तर पाणी उकळून निघून जातं. कॅनच्या किटमध्ये हा टप्पाच नसतो.

जास्त भरला की हाय-साइडचा दाब चढतो आणि थंडावा उलट कमी होतो. मग लोक अजून भरतात.

घरी करण्यासारखं जे आहे ते आधी करा. बोनेटसमोरच्या कंडेन्सरच्या जाळीत पेंढा, माती अडकलीय का बघा, पाण्याने हलक्या हाताने धुवा. पंखा फिरतोय का बघा. सांध्यांवर साबणाचं पाणी लावा; मोठी गळती असेल तर बुडबुडे येतील. तेलकट डाग हीही खूण असते. एसी गॅस 'खात' नाही, कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला.

तरीही कॅन लावायचाच असेल तर गॉगल आणि हातमोजे घाला. हा द्रव उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात गेला तर इजा होते. हाय-साइडला कॅन कधीच जोडू नका, तिथल्या दाबाने तो फुटू शकतो. आणि जुना गॅस हवेत सोडू नका. शंभर वर्षांच्या हिशोबात त्याचा एक किलो म्हणजे सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइड. ४०० ग्रॅम सोडणं म्हणजे जवळपास २५० लिटर पेट्रोल जाळणं. २०१६ च्या किगाली करारात हे गॅस आले ते याचमुळे. भारताची त्यातली कपात २०३२ पासून सुरू होते.

गॅरेजला गेलात तर बिलाआधी एकच विचारा: यंत्राने आतून किती ग्रॅम काढला? स्टिकरवरच्या आकड्यातून तो वजा केला की गळती किती, ते कळतं.